अडतिसावा क्रमांक

कपाटं चार, खोकी त्रेसष्ट, स्टॉपवॉच बारा (चालू तीन), शिट्ट्या नऊ, हातपंप एक आणि कोणाचा तरी डावा बूट. नोंदखोलीत रुजू झाले त्या पहिल्या आठवड्यात मी ही यादी केली. निकालपत्रकं मोजायला आणखी चार दिवस लागले. सायकलशर्यत दरवर्षी अकरा टप्प्यांची, आजवर झालेल्या शर्यती एकोणसाठ, म्हणजे पत्रकं सहाशे एकोणपन्नास हवीत. एका वर्षी पाचव्या टप्प्यानंतर दरड कोसळून शर्यत अर्ध्यावर थांबली होती, त्यामुळे सहा वजा. उरली सहाशे त्रेचाळीस. खोक्यांतून निघाली सहाशे त्रेचाळीस. मी दोनदा मोजली.

"बूट धरलास का यादीत?" घड्याळबाईंनी विचारलं.

"धरला."

"मग काम जमेल तुला."

घड्याळबाई नोंदखोलीच्या प्रमुख. त्याआधी एकतीस वर्षं त्या शेवटच्या रेघेपाशी घड्याळ घेऊन बसत. अजूनही कोणी "पाच मिनिटांत आलो" म्हणून गेलं की त्या मनगटाकडे बघतात आणि परत आल्यावर त्याला खरा आकडा सांगतात. त्यामुळे आमच्या मजल्यावर कोणी पाच मिनिटांत येतो असं म्हणत नाही.

यंदाची शर्यत साठावी. त्यानिमित्त सगळ्या शर्यतींचे सगळे निकाल एका पुस्तकात यायचे होते आणि ते आकडे संगणकात भरायला मला घेतलं होतं. पदार्थविज्ञानाची पदवी असून हे काम का पत्करलं, असं आईने विचारलं होतं. सात हजारांवर माणसं आणि प्रत्येकाची सेकंदापर्यंतची वेळ एका खोलीत ठेवलेली असताना दुसरं काय करायचं, हे मला तिला नीट समजावता आलं नाही.

पुस्तकाचं शेवटचं पान विक्रमांचं. त्यावर पाच नावं: सर्वांत जास्त वेळा जिंकलेला, सर्वांत लहान वयाचा विजेता, मोठा चढ सर्वांत कमी वेळात चढलेला, सर्वांत मोठ्या वयात शर्यत पुरी केलेला आणि शेवटचा. म्हणजे ज्याने शर्यत सोडली नाही, पण विजेत्यानंतर सर्वांत उशिरा पोचला, तो. सायकलशर्यतीत शेवटच्या स्वाराला लाल कंदील म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला असतो तसा. लोक त्याच्यासाठी रस्त्यावर थांबतात. या पाच जणांना शेवटच्या दिवशी उघड्या मोटारीत बसवून स्वारांच्या पुढे तो मोठा चढ चढवायचं ठरलं होतं.

पाचवं नाव माझ्या मामाचं.

सतराव्या शर्यतीत, त्रेचाळीस वर्षांपूर्वी, मामा अडतीस जणांत अडतिसावा आला. विजेत्यापेक्षा सहा तास बारा मिनिटं चाळीस सेकंद मागे. एवढा मागे राहून कोणी शर्यत पुरी केली नव्हती, त्याआधी नाही आणि नंतरही नाही. मामाला लोक त्याच्या नावाने ओळखतच नाहीत. तो कंदील. त्याच्या दुकानाच्या पाटीवर 'कंदील सायकल दुरुस्ती' असं लिहिलंय. मामी चिडली की म्हणते, "लग्नाला सुद्धा शेवटी आला, माझ्या मावसभावाच्या नंतर." मोटारीत बसायचं पत्र आलं तेव्हा मामाने ते दुकानात पंक्चरच्या टबाच्या वर लावलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते वाचल्याशिवाय चाक मिळत नसे.

या सगळ्याला कंटाळलेला माणूस एकच, टपालकाका. निवृत्त पोस्टमन, मामाचा जुना सहस्वार, त्याच शर्यतीत सदतिसावा. पाच तास पाच मिनिटं बावीस सेकंद मागे. टपालकाका रोज अकरा वाजता दुकानात येऊन बसतात आणि आपण मामाला तासाभराने हरवलं हे एकदा तरी ऐकवतात. "तुझ्या नावाची पाटी आहे," ते म्हणतात, "पण तुझ्या पुढे कोण होतं ते विचार." मामा म्हणतो, "कोणी विचारत नाही, हीच तर गंमत आहे."

सतराव्या शर्यतीचा सहावा टप्पा मी एका मंगळवारी भरायला घेतला.

यात एक पद्धत सांगायला हवी. सायकलशर्यतीत एका घोळक्यात आलेल्या सगळ्यांना एकच वेळ देतात, घोळक्यातल्या पहिल्याची. म्हणून पत्रकावर पहिल्याची वेळ आकड्यांत लिहितात आणि त्याच्यामागच्यांपुढे नुसत्या दोन छोट्या रेघा मारतात, म्हणजे वरीलप्रमाणे. पत्रक पोचल्याच्या क्रमाने लिहिलेलं असतं, त्यामुळे घोटाळा होत नाही. खाली जावं तशी वेळ वाढते किंवा तीच राहते. कमी कधी होत नाही.

या पत्रकावर ती कमी होत होती. चार तास तेवीस मिनिटं, मग पाच तास नऊ, मग परत चार तास एकवीस. मी पाठीवरचे क्रमांक बघितले. एक, दोन, तीन, पाच, सहा. पत्रक पोचल्याच्या क्रमाने नव्हतंच. पाठीवरच्या क्रमांकाने होतं.

"बाई, हे अक्षर तुमचं नाही."

घड्याळबाईंनी चष्मा लावला. "हे आमच्या त्या वेळच्या कारकुनाचं. त्या गावात मुक्कामाच्या खोल्या पाठीवरच्या क्रमांकाने द्यायच्या होत्या. त्यासाठी त्याने माझं पत्रक उतरवून घेतलं असणार." त्या थांबल्या. "आणि रेघा?"

"रेघा रेघांसारख्याच उतरवल्यात."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी त्यांना एवढ्या हळू काही करताना पहिल्यांदाच पाहत होते. क्रम बदलल्यावर प्रत्येक 'वरीलप्रमाणे'च्या वर वेगळाच माणूस आला होता. त्या दिवशी पोचलेले एक्केचाळीस, त्यांतले चोवीस जण रेघांवर. चोवीस जणांना कोणा भलत्याचीच वेळ मिळाली होती, आणि पुढचे सगळे हिशोब या उताऱ्यावरून झाले होते. बाईंचं मूळ पत्रक कुठेही नव्हतं.

"तक्रार कशी नाही केली कोणी?"

"पुढच्या दहांचं वर्तमानपत्रात येतं, ते आम्ही ताडून घ्यायचो. मागच्यांचं कोण बघतं? मागचे झोपायला गेलेले असतात."

वर्तमानपत्रानेच वाचवलं. दुसऱ्या दिवशीच्या अंकात पहिल्या पस्तीस जणांची नावं क्रमाने होती. त्यावरून तेवीस जोड्या रेघा आपापल्या घोळक्यात परत गेल्या. उरले सहा स्वार. त्यांतल्या पाच जणांपुढे आकडे होते. रेघा फक्त एकापुढे होत्या. पाठीवरचा क्रमांक बावन्न, टपालकाका.

उताऱ्यात त्यांच्या वर एकावन्न क्रमांक होता, पुढच्या घोळक्यातला. त्यामुळे टपालकाकांना चार तास तेवीस मिनिटं दहा सेकंद मिळाले होते. खरं तर ते त्या पाच मागच्यांपैकी कोणाबरोबर तरी आले असणार. पाच वेळा अशा होत्या: पाच तास चार मिनिटं, नऊ मिनिटं, साडेबारा मिनिटं, वीस मिनिटं, आणि सर्वांत शेवटी पाच तास एकतीस मिनिटं पन्नास सेकंद. ही शेवटची वेळ मामाची.

मी पाचही बेरजा केल्या. पहिल्या चारांपैकी कोणाबरोबरही टपालकाका आले असतील, तर मामाच अडतिसावा. मामाबरोबर आले असतील, तर त्यांच्या खात्यावर एक तास आठ मिनिटं चाळीस सेकंद वाढतात आणि मग अडतिसावे टपालकाका. मामापेक्षा एक मिनिट बावीस सेकंदांनी मागे.

"कंदील तुझा सख्खा मामा ना?" बाईंनी विचारलं.

"सख्खा."

"छापून आलंय तसंच राहू दे, असं सांगणारे तुला दहा जण भेटतील."

"तुम्ही?"

"चूक माझ्या पत्रकाची आहे. वीस तारखेला पुस्तक छापायला जातंय. आज चार."

संध्याकाळी मी दुकानात गेले. मामा एका मागच्या चाकाचे आरे ताणत होता. टपालकाका स्टुलावर. मी दोघांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. मामाने चाक एकदा फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिला.

"म्हणजे तू मोटारीत नाही," टपालकाका म्हणाले. "मी मोटारीत."

"कशावरून?"

"मी तुझ्याबरोबर आलो होतो की सहाव्या टप्प्याला. तुझ्या मागच्या चाकाला चिकटून. सबंध चढ तुझी पाठ बघत आलो, दुसरं काही दिसलंच नाही."

मामाने पाना खाली ठेवला. "टपाल्या, त्रेचाळीस वर्षं तू मला सांगतोयस की तू मला तासाने हरवलंस."

"ते कागदावर होतं म्हणून म्हणत होतो."

"अरे, तू उडत होतास त्या दिवशी. त्या बेकरीवाल्याच्या टोळीत होतास तू, पाच तास चार मिनिटंवाल्या. मी स्वतः बघितलं तुला पुढे जाताना. काय पाय चालत होते तुझे."

"माझे? माझ्या पायात गोळे आले होते."

"गोळे येऊनही तू वाऱ्यासारखा गेलास. मी तेव्हाच म्हटलं, याच्यापुढे आपली डाळ शिजणार नाही."

"तू असं कधीच म्हणाला नाहीस."

"मनात म्हटलं."

मामी आतून चहा घेऊन आली होती. "आयुष्यभर एकमेकांना नावं ठेवलीत," ती म्हणाली, "आणि आता आरती करताय." तिने कप ठेवले आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "खरंच जाईल का गं त्याचं नाव?"

"माहीत नाही, मामी."

"पहिला तर तो कधीच नव्हता." तिने टबाच्या वरच्या पत्राकडे बघितलं. "शेवटचा तरी राहू दे."

दुसऱ्या दिवशी टपालकाका एक फोटो घेऊन नोंदखोलीत आले. मामाही मागोमाग आला, दुकान बंद करून. फोटो सहाव्या टप्प्याचा, त्या गावातल्या फोटोवाल्याने काढलेला. टपालकाका शेवटची रेघ ओलांडतायत, मान खाली, पाठीवर बावन्न. चौकटीत दुसरा स्वार नाही.

"बघा," मामा म्हणाला. "मी कुठे आहे? मी नाहीच."

"तू पुढे निघून गेला होतास," टपालकाका म्हणाले. "चौकटीच्या बाहेर."

"मी? कोणाच्या पुढे? मी लाल कंदील आहे रे."

घड्याळबाईंनी फोटो माझ्याकडे सरकवला. मला स्वारापेक्षा मागचं जास्त दिसत होतं. नगरपालिकेच्या इमारतीच्या पायऱ्या, स्वच्छ, चौदा. चौकात एक झेंड्याचा खांब, टोकाला गोळा. उन्हं उतरत होती आणि खांबाची सावली पायऱ्यांवर चढली होती. गोळ्याची सावली खालून अकराव्या पायरीवर होती.

"टप्पा किती वाजता सुटला होता?"

"बाराच्या ठोक्याला," बाई म्हणाल्या. "तो मीच सोडला."

"आणि तारीख?"

त्यांनी पत्रकाचा माथा बघितला. या महिन्याचीच बारा.

सूर्य दरवर्षी त्या तारखेला त्या वेळी जवळजवळ तिथेच असतो. खांब तोच असेल आणि पायऱ्या त्याच असतील, तर सावली अकराव्या पायरीवर पोचते तेव्हाचं घड्याळ बघायचं. त्यातून बारा वजा केले की टपालकाकांची वेळ.

"आणि ढग आले तर?" मामाने विचारलं. त्याच्या आवाजात थोडी आशा होती.

"तर पुढच्या वर्षी."

"तोवर पुस्तक छापून झालेलं असेल."

"हो."

बारा तारखेला सकाळी आकाशात ढग होते. मामाच्या व्हॅनमधून आम्ही चौघं निघालो. मामा गाडी इतकी सावकाश चालवत होता की टपालकाका म्हणाले, "आता विक्रम मोडू नकोस, आहे तो पुरे." दोन वाजता पोचलो तेव्हा आकाश मोकळं होतं.

खांब तिथेच होता. तोच आहे का हे बघायला मी फोटोत खांब आणि इमारतीचा दरवाजा मोजून गुणोत्तर काढलं होतं, १.९३. टपालकाकांनी फोटोवाल्याची जागा दाखवली आणि तिथून टेप समोर धरून मी तेच दोन्ही मोजले. १.९२ आलं. पायऱ्या चौदा. रेघ रस्त्यावर अजून रंगवलेली होती, मुलांनी त्यावर उड्या मारायचा खेळ केला होता.

साडेचारला सावलीने पहिली पायरीही गाठली नव्हती. मी एका कागदावर पाचही वेळा लिहिल्या आणि बाईंच्या हातात दिल्या. बाईंनी दोन घड्याळं आणली होती, एक चुकलं तर म्हणून.

"पोचली असं कोण म्हणणार?" त्यांनी विचारलं. "मी घड्याळ बघणार. ही भाची, हिचं नाही चालणार. तुमच्यापैकी एक."

"त्याला म्हणू दे," टपालकाका मामाकडे बोट करून म्हणाले.

"मी? माझं नाव जायचंय."

"म्हणूनच. तू खोटं बोललास तर तुझे कान लाल होतात. माझे होत नाहीत, मी पोस्टात होतो."

मामा फोटो घेऊन अकराव्या पायरीशी उकिडवा बसला. गोळ्याची सावली फोटोत पायरीच्या काठाला कुठे टेकलीय तिथे मी खडूने खूण केली. सावलीची कडा पुसट असते, त्यामुळे मिनिटभराची चूक धरायची, हेही सांगितलं.

सावली सुमारे तीन मिनिटांना एक पायरी चढत होती. पाच वाजून चार मिनिटांनी ती दुसऱ्या पायरीवर होती.

"बेकरीवाल्याची टोळी गेली," बाई म्हणाल्या.

पाच वाजून नऊ मिनिटांनी तिसरी पायरी. साडेबारा मिनिटांनी पाचवी. नगरपालिकेतून घरी जाणारे दोन कारकून आमच्याजवळ थांबले. काय चाललंय, त्यांनी विचारलं.

"शर्यत," टपालकाका म्हणाले.

"कोणाची?"

"आम्हा दोघांची. त्रेचाळीस वर्षं झाली, काही मिनिटंच बाकी आहेत असं समजा."

"फार तर अठरा," बाई म्हणाल्या.

पाच वाजून वीस मिनिटांनी सावली सातव्या पायरीवर होती. चौथी वेळही गेली. आता कागदावर एकच उरली होती. मामाने मान वर करून आकाशाकडे बघितलं. पश्चिमेला एक छोटा ढग होता, सूर्यापासून चांगला वीतभर लांब, आणि तो उलट्या दिशेने चालला होता.

"टपाल्या," मामा सावलीवरून नजर न काढता म्हणाला, "त्या चढावर मागून कोणीतरी शिव्या घालत होतं. हळू चाल, हळू चाल म्हणून."

"मग कोण घालणार? मीच."

"मला वाटायचं गावातलं कोणी असेल."

"अख्खा चढ? पंधरा किलोमीटर गावकरी तुझ्यामागे धावत शिव्या देणार?"

"लोकप्रिय होतो मी."

आठवी. नववी. दोघं कारकून पायरीवर बसले. दहावी. मामाने फोटो एकदा डोळ्यांजवळ नेला, एकदा लांब धरला, मग खाली ठेवला आणि बोट खडूच्या खुणेपाशी आणलं, खुणेला न लावता. मी त्याच्या कानांकडे बघत होते. टपालकाकाही तेच बघत होते.

सावली खुणेच्या खाली बोटभर होती. तेव्हा तो काहीही म्हणू शकला असता, किंवा काहीच न म्हणता बसून राहिला असता, अकरावी पायरी उलटेपर्यंत.

"टेकली," सावली खुणेला लागताच मामा म्हणाला.

बाईंनी घड्याळ थांबवलं आणि दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघितलं. "पाच, एकतीस, वीस."

कारकुनांपैकी एकाने टाळ्या वाजवल्या आणि कोणीच वाजवत नाही हे बघून थांबवल्या.

टपालकाकांनी खालून अकरा पायऱ्या बोटाने मोजल्या. "म्हणजे," ते म्हणाले, "ज्याला हरवलं म्हणून मी जन्मभर सांगत आलो, त्याने मला हरवलं होतं."

"एक मिनिट बावीस सेकंदांनी," मामा गुडघ्यावर हात देत उठला. "मागे वळूनही बघितलं नाही मी."

"शिव्या ऐकू येत होत्या की."

"येत होत्या. चांगलं वाटत होतं."

मी पायरीवर बसून वही उघडली आणि बाईंनी वाचून दाखवलेली वेळ लिहिली. मोजलेली वेळ पाच तास एकतीस मिनिटं वीस सेकंद, चूक एक मिनिट कमी-जास्त. पत्रकावरच्या पाच वेळांपैकी या मर्यादेत बसणारी एक: पाच तास एकतीस मिनिटं पन्नास सेकंद. सतरावी शर्यत, अंतिम क्रमवारी. सदतिसावा, सहा तास बारा मिनिटं चाळीस सेकंद मागे. अडतिसावा, पाठीवरचा क्रमांक बावन्न, सहा तास चौदा मिनिटं दोन सेकंद मागे.